रचनाकाराच्या रकान्यात कोण?

अर्जात पाच रकाने होते: नाव, वाद्य, रचना, रचनाकार, लागणारा वेळ. बर्लिनमधल्या आमच्या संगीतशाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रौढ विद्यार्थ्यांचं वादन असतं, त्याचा हा अर्ज. चार रकाने चहा संपायच्या आत भरून झाले. रचनाकाराच्या रकान्यानं मात्र सहा आठवडे खाल्ले.

वाजवायचा होता फ्लूट आणि हार्प्सिकॉर्डसाठीचा (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) ई फ्लॅट मेजर या स्वरसप्तकातला सोनाटा, म्हणजे तीन भागांची वाद्यरचना. अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनांच्या सूचीत त्याचा क्रमांक १०३१. त्यातला मधला भाग, सिचिलियानो, तुम्ही कधी ना कधी ऐकलेला असणार. जी मायनरमधली, सहा-आठच्या झुलत्या लयीतली ती उदास धून नुसत्या पियानोवरही खूप वाजवली जाते. मी ती कॉलेजात असताना ऐकली होती आणि तेव्हापासून ‘बाख म्हणजे हे’ असं डोक्यात बसलं होतं. म्हणून फ्लूट शिकवणाऱ्या बाईंनी विचारल्यावर पटकन म्हणाले, "बाखचं ते वाजवायचंय." त्यांनी कपाटातून वही काढून समोर ठेवली. मुखपृष्ठावर बाखच्या नावाला एक जर्मन शब्द जोडला होता, ‘त्सुगेश्रीबेन’. म्हणजे त्याच्या नावावर सांगितलेलं. वहीत तीन सोनाटे होते: १०२०, १०३१ आणि १०३३. निर्विवाद सोनाट्यांची वही वेगळीच. पंगतीत तिघांना बाजूला बसवलेलं.

झालं असं की सोनाट्याची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. उरल्या त्या दुसऱ्यांनी केलेल्या नकला. त्यांच्यावर नाव योहान सेबास्टियान बाखचंच आहे, तरीही १९६३ साली बाखच्या समग्र रचनांच्या नव्या आवृत्तीत फ्लूटचा खंड निघाला तेव्हा संपादकांनी हे तिघे त्यात घेतले नाहीत. आक्षेप शैलीवर होता. संशयित बरेच. पहिला संशयित बाखचा मुलगा, थोरला नव्हे, दुसरा: कार्ल फिलिप इमॅन्युएल, जन्म १७१४, पुढे प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश याच्या पदरी हार्प्सिकॉर्डवादक. मग क्वान्त्स, याच राजाचा फ्लूटचा गुरू. क्वान्त्सची ई फ्लॅटमधलीच एक त्रिसोनाटा (तीन स्वरधारांची रचना) आहे आणि १०३१ चं तिच्याशी असलेलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलंय. शिवाय मधला पर्याय आहेच: बापानं मुलाला धडा म्हणून दिला, थोडं त्यानं लिहिलं, थोडं यानं.

हे सगळं वाचून पहिल्यांदा चिडचिड झाली. चार महिने घासायचं आणि शेवटी कळायचं की माल अस्सल आहे की नाही हेच नक्की नाही! रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. ते निवृत्तीनंतर गाथा घेऊन बसलेले असतात. म्हणाले, "अगं, मग यात नवल काय? विष्णुदास नामाचे अभंग आपण नामदेवाचे म्हणून किती वर्षं गातोय. दोघंही ‘नामा म्हणे’च. तुकोबांच्या गाथेत काय प्रक्षिप्त आणि काय नाही, यावर तर लोक भांडून थकले." मागून आईचा आवाज आला, "पण मग पावती कुणाच्या नावानं फाडायची?" नेमका हाच माझा प्रश्न होता.

खरी परीक्षा वेगळीच निघाली. शाळेतल्या हार्प्सिकॉर्डचा मूळ सूर ४१५ हर्ट्झवर लावलेला, माझ्या धातूच्या फ्लूटचा ४४२ वर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. एवढी फ्लूट खाली उतरत नाही. एकतर पियानो घ्या, नाहीतर जुन्या घडणीची लाकडी फ्लूट शिका. बाईंनी त्यांच्याकडची अशी जुनी फ्लूट, ट्रावेर्सो, उसनी दिली. पिवळसर लाकूड, बोटांसाठी सहा भोकं आणि उजव्या करंगळीखाली एक चावी. हातात घेतल्यावर हसूच आलं. शाळकरी वयात पुण्यात मी पाच वर्षं बासरी शिकले होते आणि हे जवळपास तेच वाद्य होतं!

जवळपासच, बरं का. आपण बासरीवर कोमल स्वर अर्धं भोक दाबून काढतो. ट्रावेर्सोवर बहुतेक ठिकाणी एक भोक उघडं ठेवून त्याखालची बंद करायची. असा निघालेला स्वर घोंगडीखालून आल्यासारखा येतो. हे वाद्य खुलतं ते डी मेजरमध्ये. ई फ्लॅट मेजर म्हणजे दर दोन पावलांवर असा एखादा दबका स्वर. माझं बोट सवयीनं अर्धं भोक दाबायला जायचं आणि सूर भलतीकडेच. बाई ओरडायच्या नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघायच्या. ते जास्त लागायचं. दुसऱ्या महिन्यात मी शेवटचा द्रुत भाग, अलेग्रो, सोडून दिला. तो वेगात माझ्याच्यानं झाला नसता.

पण सिचिलियानो त्या लाकडावर काय वाजतो! धातूच्या फ्लूटवर सगळे स्वर सारखेच उजळ निघतात. इथे बी फ्लॅट आपोआप झाकोळतो, त्याच्या शेजारचा मोकळा स्वर एकदम जवळ येतो. खाली हार्प्सिकॉर्डचा उजवा हात सोळांशांची, म्हणजे भराभर येणाऱ्या छोट्या स्वरांची, झुळझुळ चालू ठेवतो आणि वर आपण फक्त श्वास पुरवायचा.

लेखक कोण या प्रश्नाचा उपयोग मला पहिल्या भागात झाला. ‘हा थोर बाख’ म्हणून मी प्रत्येक स्वर ठोकून, शपथेवर सांगितल्यासारखा वाजवत होते. मग बाईंनी बी मायनरचा सोनाटा, १०३०, शेजारी ठेवला. तो बाखच्या हस्ताक्षरात आहे, त्याच्याबद्दल वाद नाही. तिथे फ्लूट आणि उजवा हात एकमेकांत असे गुंततात की कोण बोलतंय ते कळत नाही. १०३१ मध्ये तसं नाही. आधी हार्प्सिकॉर्ड एकटाच आपलं बोलून घेतो, मग फ्लूट, मग पुन्हा तो. दिवाणखान्यातल्या गप्पा, आग्रह-बिग्रह करत. हलक्या जिभेनं, वाक्याच्या शेवटी आवाज सोडत वाजवलं आणि दोन दिवसांत तो भाग उभा राहिला. माझं मत विचाराल तर हा भाग म्हाताऱ्याचा नाही. सिचिलियानोबद्दल मात्र मला हट्ट सोडवत नाही.

एका शनिवारी म्युझियम बेटावर गेले, आल्टे नॅशनलगॅलरीत. तिथे मेन्झेल या चित्रकाराचं, फ्रीडरिशच्या सान्ससूसी महालातल्या मैफिलीचं चित्र आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात मधोमध राजा फ्लूट वाजवतोय, हार्प्सिकॉर्डवर कार्ल फिलिप इमॅन्युएल, उजव्या कडेला भिंतीला टेकून क्वान्त्स. चित्र काढलं ते शंभर वर्षांनी, १८५०–५२ मध्ये, त्यामुळे पुरावा म्हणून शून्य. पण माझे दोन्ही संशयित एकाच चौकटीत उभे होते. मी बराच वेळ क्वान्त्सकडे बघत बसले. शिष्य राजा असला की गुरूनं चेहरा कसा ठेवायचा, ते त्याच्याकडून शिकावं.

शेवटी अर्जात नुसतं ‘बाख’ लिहिलं. बाप घ्या, मुलगा घ्या. क्वान्त्सवर अन्याय झाला, पण रकाना एवढासाच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सिचिलियानोच्या शेवटाकडे एक स्वर फुटला. बाकी ठीक झालं. कार्यक्रमपत्रिका पाहिली तर कचेरीतल्या कुणीतरी माझ्या ‘बाख’पुढे स्वतःहून भर घातली होती: योहान सेबास्टियान, १६८५–१७५०. माझ्यासोबत हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्या आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सन्मानानं, सुबक अक्षरात, त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्याचा फोटो बाबांना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, "छान. यातलं पेन्सिलीतलं प्रक्षिप्त की छापलेलं?"