साताऱ्याहून आलेली सही

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका छोट्या ऑफिसात मी टॅक्स रिटर्न भरायचं काम करते. आमच्याकडे येणारे बरेचसे लोक भारतातले, त्यातही मराठी पुष्कळ. २०२४च्या एप्रिलमधलं एक रिटर्न माझ्या चांगलंच लक्षात राहिलं आहे. आकडेमोड तशी सोपी होती. अडलं ते सहीपाशी.

रिटर्न ऑनलाइन पाठवण्याआधी क्लायंटची सही लागते ती फॉर्म ८८७९वर. त्यात मोजून पाच आकडे असतात: एजीआय (म्हणजे काही ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न), एकूण टॅक्स, कापला गेलेला टॅक्स, रिफंड आणि भरायची रक्कम. खाली पाच आकडी पिन, सही, तारीख. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न असेल तर दोघांच्याही सह्या. हा फॉर्म आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे, जात नाही, त्यांनी मागितला तरच द्यायचा. तो आमच्याकडे तीन वर्षं राहतो आणि सही हातात आल्याशिवाय ‘सबमिट’ला हात लावायचा नसतो.

८ एप्रिलला मी एका जोडप्याला रिटर्नची पूर्ण कॉपी आणि ८८७९ पोर्टलवरून पाठवले. नवऱ्याची सही दहा मिनिटांत आली. बायको तेव्हा साताऱ्याला माहेरी गेली होती. समोर नसलेल्या माणसाने इलेक्ट्रॉनिक सही करायची तर आधी ओळख पटवावी लागते. सिस्टीम प्रश्न विचारते: पूर्वी कोणत्या पत्त्यावर राहत होता, गाडीचं कर्ज कुणाकडून घेतलं होतं, असे. हे प्रश्न बहुतेक क्रेडिट रेकॉर्डमधून येतात. ती एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली. आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर असला तरी नावावर ना कार्ड, ना कर्ज. तीन वेळा प्रयत्न फसला की ती वाट बंद होते, मग हाताने केलेली सहीच लागते.

तिने लगेच मोबाईलवर बोटाने सही करून फोटो पाठवला. “ताई, झालं ना आता?” मला नाही म्हणावं लागलं. स्क्रीनवर बोटाने केलेली सही ही इलेक्ट्रॉनिकच धरली जाते आणि ओळख न पटता ती चालत नाही. कागदावर पेनाने केलेली सही मात्र स्कॅन करून पाठवली तरी चालते. लोकांना हा फरक विचित्र वाटतो, तिलाही वाटला. पण नियम आहे, आणि त्यामागचं कारण मला पटतं. उद्या कुणीही कुणाच्याही नावाने बोट फिरवेल.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. तिच्या घराजवळचं झेरॉक्सचं दुकान बंद. १० तारखेला तिने प्रिंट काढली, तीही नुसत्या ८८७९ची नाही, मी पाठवलेल्या सगळ्या पानांची. निळ्या बॉलपेनने केलेली सही स्कॅन होऊन आली. तारीख लिहिली होती १०/०४/२०२४. आपल्याकडे बरोबर. इथे मात्र ती ४ ऑक्टोबर होते. पुन्हा तिला त्रास द्यायचा माझ्या जिवावर आलं होतं, तरी रिटर्न रोखलं आणि महिना अक्षरांत लिहून पाठवायला सांगितलं.

त्यावर तिचा फोनच आला. “ताई, मी ती पानं वाचत होते. आमच्या एफडीचं व्याज यात कुठे दिसत नाही.”

दोघांच्या नावावर साताऱ्याच्या बँकेत १६ लाखांची एनआरई एफडी होती, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातली. व्याजाचं सर्टिफिकेट तिने त्याच आठवड्यात आणलं होतं: १ लाख १० हजार रुपये. आमच्या प्रश्नावलीत ‘परदेशात खातं आहे का’ याला नवऱ्याने ‘नाही’ लिहिलं होतं. एनआरईचं व्याज करमुक्त, मग सांगायचं कशाला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं. करमुक्त आहे ते भारतात. अमेरिकेत ते उत्पन्नात धरावंच लागतं.

मी रिटर्न उघडलं. उत्पन्न साधारण १,३३० डॉलरने वाढलं, रिफंड जवळपास तीनशेने कमी झाला. सही झाल्यावर उत्पन्नात ५० डॉलरहून किंवा टॅक्स-रिफंडच्या आकड्यांत १४ डॉलरहून जास्त फरक पडला की जुनी सही चालत नाही. म्हणजे नवी कॉपी, नवा ८८७९, पुन्हा दोघांच्या सह्या. शिवाय परदेशी खात्यांतली रक्कम वर्षात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्म, भरावा लागतो. तो आम्ही त्यांच्या वतीने भरायचा तर ११४ए या वेगळ्या फॉर्मवरही दोघांची सही. तो पाच वर्षं ठेवायचा असतो.

नवरा वैतागला. रिफंड घटला आणि वर कागद वाढले. मी त्याला ८८७९वरचा सहीच्या वरचा मजकूर वाचून दाखवला. मी रिटर्नची कॉपी तपासली आहे आणि ती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, असं आपण तिथे शपथेवर लिहून देतो. तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, “मी उघडलीच नव्हती हो.” दहा मिनिटांत आलेली सही मलाही तेव्हाच खटकायला हवी होती.

१२ एप्रिलला साताऱ्याहून दोन्ही कागद आले. या वेळी ‘12 Apr’ हे तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याच दुपारी रिटर्न पाठवलं, संध्याकाळपर्यंत स्वीकारलंही गेलं. सोमवारी १५ तारीख, शेवटचा दिवस होता.

पाठवलेल्या रिटर्नची अंतिम कॉपी मी दोघांना वेगवेगळी दिली. एरवी ती एकाच्याच ईमेलमध्ये पडून राहते आणि आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र भरताना किंवा घराच्या कर्जाच्या वेळी शोधाशोध सुरू होते. दोघांनाही एवढंच बजावलं की व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवू नका, पानापानावर तुमचे टॅक्सचे नंबर आहेत. आता मी प्रश्नावलीवर विसंबून न राहता प्रत्येक मराठी घराला तोंडी विचारते: एनआरई, एनआरओ, पीपीएफ, बाबांच्या खात्यात तुमचं नाव?

२०२५मध्ये तिच्या नावावर वर्षभराचं क्रेडिट कार्ड होतं. ओळखीचे प्रश्न पहिल्याच फटक्यात सुटले असते. पण सही दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी फोन: “ताई, ओळ २बीमध्ये व्याज या वर्षी कमी कसं दिसतंय? जरा दाखवा ना.” एक एफडी मार्चमध्येच मोडली होती. सर्टिफिकेट समोर ठेवून आम्ही रुपयारुपयाचा ताळा केला. फोन ठेवला आणि पाच मिनिटांत तिची सही आली.