पार्ट मिळतात का हो अजून?

पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लग्नाच्या हॉलबाहेर माझी जुनी गाडी लावताना मला तीन प्रश्न ठरलेले असतात. देणार का? ॲव्हरेज किती देते? आणि पार्ट मिळतात का हो अजून? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मी चारचौघांत देत नाही. तिसऱ्याला मी "मिळतात की" म्हणतो आणि विचारणारा खूश होऊन जातो. पण परवा एकानं गाडी घ्यायच्या विचारानंच विचारलं, तेव्हा त्याला अर्धं उत्तर देऊन पाठवणं बरं वाटलं नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पार्ट मिळतात, आणि खरी डोकेदुखी तीच आहे.

गाडी वडिलांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँडगिअर, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. लोक अजून तिला फियाटच म्हणतात, ते चालतं. डुक्कर फियाट म्हणतात तेव्हा मात्र मी थांबून दुरुस्त करतो. डुक्कर म्हणजे आधीची, गोल पाठीची. ही चौकोनी.

कंडेन्सरपासून सुरुवात करू, कारण माझे डोळे त्यानंच उघडले. डेल्कोला, म्हणजे इंजिनाच्या प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाला, लागलेली अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. आत कागद आणि धातूचा पातळ पापुद्रा गुंडाळलेला. डेल्कोच्या आत सतत उघडझाप करणारे सीबी पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथे ठिणगी पडू नये आणि कॉइलमधला करंट झटकन तुटावा, एवढंच त्याचं काम. आमच्या गाडीतला कंडेन्सर किती वर्षांचा होता कुणालाच आठवत नव्हतं. सर्व्हिसिंगला मीच म्हणालो, स्वस्त तर आहे, नवा टाकून घेऊ.

तीन आठवड्यांनी भर उन्हात पुण्यात कर्वे रोडवर गाडी बंद पडली. अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिनावरचा पेट्रोल पंप उघडला, कार्बोरेटर धुतला, कॉइल बदलली. कंडेन्सरवर कुणाचा संशय जाईना, कारण तो तर नवा! शेवटी मिस्त्रींनी डिकीतल्या बिस्किटाच्या डब्यातून जुना कंडेन्सर काढून लावला आणि विषय संपला. नव्याचं आतलं इन्सुलेशन तापलं की हार मानत होतं. थंड झाला की पुन्हा साळसूद. दुकानात टेबलावर तपासला असता तर शंभर टक्के पास झाला असता.

पॉइंटची तऱ्हा वेगळी. पॉइंटला एक छोटी टाच असते, ती डेल्कोतल्या फिरत्या कॅमवर घासत राहते. पूर्वी ती कडक फायबरची असायची. आता काही पॉइंटांना इतकं मऊ प्लास्टिक असतं की पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर लावलेला गॅप काहीशे किलोमीटरमध्ये निम्म्यावर येतो. गॅप मिटला की ठिणगीचं टायमिंग मागे पडतं, गाडी ओढत नाही, गरम होते. आणि मालक बिचारा कार्बोरेटरला शिव्या घालतो.

हे झाले रस्त्यात थांबवणारे पार्ट. ब्रेकचं रबर मात्र वेगळ्या जातीचं संकट आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नाला वाईला निघालो होतो. आदल्या आठवड्यात मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक दाबला की ऑइल चाकांकडे ढकलतो त्या पंपाचं, नवं रबराचं किट टाकलं होतं, पॅकिंग झकास. खंबाटकी घाट चढताना गाडी जड वाटायला लागली. तिसरा ओढेना, दुसरा टाकला. बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. मला वाटलं क्लच. वळणाच्या पुढे बाजूला घेतली, खाली उतरलो आणि तेव्हा लक्षात आलं की मी गिअर टाकला नव्हता, हँडब्रेकही ओढला नव्हता, तरी गाडी चढावर जागच्या जागी उभी होती. चारही ड्रम हात लावू नये इतके तापलेले.

झालं होतं ते असं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. ब्रेक सोडला, किंवा ऑइल तापून फुगलं, की जादाचं ऑइल त्या भोकातून वरच्या बाटलीत परत जातं. आतलं रबर फुगून त्या भोकावर बसलं की परतीची वाट बंद. मग ऑइल तापतं, दाब वाढतो, ब्रेक आणखी आवळतात, आणखी तापतात. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते असतं ग्लायकॉलवर आधारलेलं. त्याला चालणारं रबर वेगळं आणि इंजिन ऑइल-पेट्रोलला चालणारं वेगळं. एकाच्या जागी दुसरं गेलं की फुगतं. माझ्या किटमध्ये बहुधा तेच झालं होतं. दिसायला दोन्ही काळीच. मागच्या चाकाला दगड लावून ब्रेक ऑइल काढायचा निपल सैल केला, ऑइलची पिचकारी उडाली आणि गाडी दगडावर टेकली. अक्षता चुकल्या, जेवण मिळालं.

आता हे असं का, याचं माझं एक उत्तर आहे. लोक म्हणतात सगळे चोर झालेत. चोर पूर्वीही होते, डुप्लिकेट माल पूर्वीही येत होता. पूर्वी टॅक्सीवाले होते, ते आता नाहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, तिची वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले, हळहळलो. पण आपल्यासारख्या हौशी लोकांचं त्यात काय गेलं, हे फार थोड्यांनी पाहिलं. टॅक्सीवाला सकाळी पार्ट टाकायचा आणि दिवसभर, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, रेडिएटर उकळेपर्यंत चालवायचा. पार्ट खराब असेल तर संध्याकाळी तो दुकानदाराच्या काउंटरवर आपटायचा. त्याची रोजी बुडालेली असायची, त्यामुळे तो भिडस्त नसायचा. दुकानदार तो माल पुन्हा ठेवायचा नाही. त्या भांडणांवर माझ्या गाडीचे पार्ट तपासून येत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता गिऱ्हाईक कोण? मी. रविवारी सकाळी मित्रमंडळाच्या चहाला वीस किलोमीटर जाणारा. माझा खराब पार्ट उघडा पडायला वर्ष जातं. तोवर पावती हरवलेली असते, दुकानदारानं डबा बदललेला असतो. मग मी चारचौघांत कुरकुरतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच दुकानात जाऊन पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. नाना पेठेतले पार्टवाले अजूनही सरळ विचारतात, "लोकल देऊ की कंपनीचा?" पद्मिनी बनायची थांबून पंचवीस वर्षं होत आली, तरी कंपनीचा पार्ट रोज नवाकोरा येतो! कंपनी म्हणजे खोका. एकदा मी दोन किमतींचे दोन खोके मागून घेतले. आतले दोन फॅन बेल्ट एकाच साच्यातून निघालेले जुळे भाऊ होते.

त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा कडक होऊन फाटला, तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून मी डिपस्टिक पुसण्याआधी हुंगतो. सोसायटीतली मुलं हसतात, हसू देत.

बाकी क्रोमचा बंपर दोन पावसाळ्यांत पोपडे सोडतो, दाराचं रबर इतकं जाड येतं की दार खांद्यानं लावावं लागतं. त्यानं कुणी मरत नाही, त्यामुळे त्यावर मी रडत नाही.

मग मी करतो काय, तर शक्यतो नवं घेत नाही. मास्टर सिलिंडरला लेथवाल्याकडून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवून घेतली. ब्रेक शू तेच जुने, वर नवं लायनिंग रिव्हेट करून घेतलं. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश टर्नरकडून. बेअरिंग आणि ऑइल सील मोटारीच्या दुकानातून घेतच नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सील व्हर्नियरनं मोजता येतं, आणि कारखान्यांना यंत्रांचा माल पुरवणाऱ्या दुकानात तेच माप चांगल्या प्रतीचं मिळतं. तो दुकानदार गाडी कुठली हे विचारतही नाही. ब्रेकचं कुठलंही रबर बसवायच्या आधी आठवडाभर ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवतो, आधी आणि नंतर मोजतो. बायकोनं त्या बाटलीवर "लोणचं नाही" अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

आणि काढलेला एकही पार्ट मिस्त्रींकडे सोडत नाही. तो बिस्किटाचा डबा आता तीन डब्यांचा झाला आहे.

मागच्या बुधवारी जुन्या बाजारात गेलो होतो. एका पथारीवर गंजलेला, चिखलानं माखलेला डेल्को दिसला, आत पॉइंट होते, बाजूला कंडेन्सर लटकत होता. किंमत ऐकून म्हणालो, अहो, एवढ्यात नवीन येतो. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, डेल्को हातातून परत घेतला आणि म्हणाला, "मग नवीन घ्या ना, साहेब."

सांगेल तेवढे पैसे मोजले.