आमची वाटचाल: कोकमतेलाच्या गोळ्यापासून क्रीमच्या डबीपर्यंत

आमच्या कुडाळकडे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, हंगामात सालांची सोलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया अंगणात वाळत पडतात. त्या फोडून, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा, निवलं की वर गोठलेलं तेल काढून मुठीत दाबून गोळे वळायचे. सासूबाई हे वर्षानुवर्षं करत आल्या. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ, सगळ्यांवर तोच गोळा जरा ऊन करून लावायचा. आमचा धंदा त्यातूनच उभा राहिला.

पण कोकणात तो विकत घेणार कोण? इथल्या दमट हवेत चेहऱ्याला इतकं जड काही लागत नाही आणि पायांसाठी गोळा घरचाच असतो. गिऱ्हाईक भेटलं ते पुण्यात, भीमथडी जत्रेत, ऐन थंडीत. "ताई, कोरड्या त्वचेला काय चांगलं?" हा प्रश्न दिवसभर यायचा. आम्ही उलट विचारायला लागलो: राहता कुठे, काम काय करता, आंघोळीचं पाणी किती कढत? त्या उत्तरांनीच आमचा माल ठरवला.

मुंबईत लोकलने फिरणाऱ्या, चेहरा तेलकट असणाऱ्या मुलीला कोकमाचा बाम देणं म्हणजे तिला पस्तावायला लावणं. तिला ग्लिसरीन घातलेलं पातळ जेल पुरतं, कारण ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं आणि मुंबईच्या हवेत तो असतोच. सोलापूर-नागपूरकडच्या कोरड्या हवेत मात्र नुसतं ग्लिसरीन लावलं तर ते त्वचेच्या आतलंच पाणी ओढतं. तिथे वर तेला-मेणाचा थर हवा, म्हणजे ओलावा उडत नाही. आमच्या क्रीममध्ये दोन्ही आहे. दिवसभर हात धुणाऱ्या नर्सताईंना किंवा पोळ्या-भांड्यांची कामं करणाऱ्या काकूंना आम्ही बामच देतो, झोपताना लावायला. आणि काहीही घ्या, आंघोळीनंतर अंग टिपून घेऊन ओलसर असतानाच लावा. कोरडंठाक झाल्यावर लावलेल्या महागड्या क्रीमपेक्षा ओल्या अंगावरचं साधं लोशन जास्त काम करतं.

क्रीम आणि लोशन करायचं ठरवल्यावर स्वयंपाकघर सोडावं लागलं. विकायचं सौंदर्यप्रसाधन परवान्याशिवाय बनवता येत नाही; 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. एमआयडीसीत छोटा गाळा घेतला. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आली. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही ना?" असं विचारणारे आजही रोज भेटतात. बामात पाणीच नाही, म्हणून त्यात घालत नाही. लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं. त्यात ते नसेल तर काही दिवसांत बुरशी धरेल. "शंभर टक्के नैसर्गिक" असं छापलं तर खप वाढेल, हे आम्हाला कळतं. नाही छापत.

बामाची एक तक्रार ठरलेली: "वहिनी, डबीत साखर पडलीय." कोकमतेल साधारण 38 ते 40 अंशांना वितळतं. उन्हाळ्यात पार्सलमध्ये पातळ होतं, मग सावकाश गोठताना कण धरतात. बिघडलेलं नसतं, तळहातावर चोळलं की विरघळतं. आम्ही भरताना ते झटपट थंड करतो, पण विदर्भातल्या मे महिन्यापुढे आमचं काही चालत नाही.

काही गिऱ्हाइकं आम्ही परत पाठवतो. मुरमं येणाऱ्याला खोबरेल किंवा जड बाम चेहऱ्याला लावू नका म्हणून सांगतो. मधुमेह आणि पायाला चीर असेल तर आधी डॉक्टर. चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टिरॉइडचं मलम "गोरं करतं" म्हणून कुणी रोज लावत असेल, तर त्यावर आमचं क्रीम हा इलाज नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि बजेटच कमी असेल तर औषधाच्या दुकानातली साधी पेट्रोलियम जेली टाचांना उत्तम. यावर आमचे हे कुरकुरतात, पण खरं ते खरं.

सुगंध घातलेला आणि बिनसुगंधाचा, असे प्रत्येक मालाचे दोन प्रकार ठेवलेत. लवकर खाज सुटणाऱ्यांनी बिनसुगंधाचाच घ्यावा आणि तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघावा. फोनवर ऑर्डर देताना गाव, काम आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात बाम पाठवत नाही; तेव्हा क्रीम मागवा.