दोनच रसायनांचा डेव्हलपर: घरी बनवलेला डी-२३

कृष्णधवल फिल्मसाठी डेव्हलपर, म्हणजे उजेड पडलेल्या फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, घरीच बनवायचं ठरवलं. दाणा, म्हणजे चित्रात दिसणारे चांदीचे कण, बारीक यायला हवा होता, तेव्हा डी-७६ की डी-२३, कोणता फॉर्म्युला घ्यावा असा प्रश्न होता. डी-७६ला मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स अशी चार रसायनं लागतात. डी-२३ला दोनच पुरतात: एका लिटरला ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट. मी डी-२३ घेतला. कोणतं रसायन काय करतं हे मला समजून घ्यायचं होतं, आणि दोनच असली की ते स्वच्छ दिसतं.

प्रतिमा काळी करण्याचं काम मेटॉलचं. पण खरी कमाल सल्फाइटची. ते मेटॉलला हवेपासून जपतं, द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवतं (एरवी मेटॉल कामच करत नाही), आणि एवढ्या मोठ्या प्रमाणात असलं की फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांचा थोडा अंश विरघळवतं. दाणा मऊ होतो तो त्यामुळे. एकच पांढरी पूड तिन्ही कामं करते, हे कळल्यावर मला या फॉर्म्युल्याबद्दल फार आदर वाटू लागला.

खरेदी करताना लेबल अक्षरन् अक्षर वाचलं. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड हे तीन वेगळे पदार्थ. शिवाय सल्फाइट निर्जल आहे की स्फटिकरूप, हेही पाहावं लागतं, कारण स्फटिकांचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. तसे मिळाले तर १०० ऐवजी २०० ग्रॅम घ्यावे लागतात. मेटॉलसाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय डबे उघडले नाहीत: मेटॉलने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं आणि सल्फाइटची धूळ दम्याच्या माणसाला त्रासाची. भांडी, चमचे, सगळं या कामापुरतंच वेगळं ठेवलं.

मिसळताना क्रम महत्त्वाचा. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून आधी मेटॉल घालायचं. पण नुसत्या पाण्यात ते लगेच हवेने खराब व्हायला लागतं. म्हणून ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या ७५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात आधी मोजलेल्यातलं चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, आणि ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट थोडंथोडं. ढवळायचं सावकाश, भोवरा पडला की हवा आत ओढली जाते. शेवटची पूड विरघळायला वेळ लागतो, तिथे घाई कामाची नाही. नंतर गार पाण्याने लिटर पूर्ण केला आणि गडद बाटल्या गळ्यापर्यंत भरून बंद केल्या.

रोल टाकण्याआधी फिल्मचा एक तुकडा उजेडातच त्यात बुडवला. तो भराभर काळा पडला, म्हणजे डेव्हलपर जिवंत होता. ही चाचणी प्रत्येक नव्या घाण्याला करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पहिला रोल २० अंशांवर, पाणी न घालता धुतला. वेळ डी-७६च्या कोष्टकातून घेतली आणि थोडी वाढवली. निगेटिव्ह धरून पाहिली तर पांढऱ्या कपड्यातल्या चुण्याही शाबूत! डी-२३मध्ये हायड्रोक्विनोन नाही, त्यामुळे जास्त उजेड पडलेल्या जागी मेटॉल लवकर थकतं आणि ते भाग निगेटिव्हवर (तिथे उजळ ते काळं दिसतं) गच्च काळे होत नाहीत. कडक उन्हातल्या चित्रांसाठी मला हा गुण डी-७६पेक्षा मोलाचा वाटतो.

आता मी पाणी घालूनही वापरते आणि वापरलेलं द्रावण टाकून देते. १:१ला (एक भाग द्रावण, एक भाग पाणी) सल्फाइट लिटरमागे ५० ग्रॅमवर येतं, १:३ला २५वर. तेवढा दाणा ठळक होतो, पण कडा धारदार येतात. वेळ अर्थातच वाढवावी लागते. चेहऱ्यांसाठी मूळ द्रावण, आणि झाडांच्या साली, दगडी भिंती यांसाठी १:३, अशी माझी वाटणी झाली आहे.