रूट कॅनल झालेली दाढ पुन्हा दुखली तेव्हा

रूट कॅनल केलेली दाढ दुखत नाही, हे मला घरात, शेजारी आणि औषधाच्या दुकानातसुद्धा ऐकवण्यात आलं. "नसच काढून टाकलीय, आता दुखणार काय?" पण माझी वरची उजवीकडची पहिली मोठी दाढ दुखत होती. सतत ठणकत नव्हती. भाकरीचा कडक काठ चावला की आत खोल कुठेतरी कळ यायची, आणि सर्दी झाली की जास्तच. सर्दीचं नाव काढल्यावर फॅमिली डॉक्टर सायनसकडे वळले. त्यात गैर काही नव्हतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला जवळजवळ टेकलेली असतात आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर सहज खपतं. गोळ्यांचा कोर्स संपला, कळ तशीच राहिली.

मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नस काढली तरी मुळाभोवतीचा पडदा आणि हाड जिवंतच असतं, दुखतं ते तिथं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. दाढेवर चमच्याच्या दांड्यानं हलकेच ठोकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एक आरव्हीजी काढू." म्हणजे पूर्वी फिल्मवर निघायचा तोच छोटा एक्स-रे. आता फिल्मच्या जागी वायर असलेला चपटा सेन्सर तोंडात धरतात आणि चित्र लगेच समोरच्या स्क्रीनवर येतं. सेन्सरचे कोपरे टाळूला चांगलेच रुततात. मला ओकारी आल्यासारखं झालं, तेव्हा असिस्टंट मुलगी म्हणाली, "नाकानं श्वास घ्या आणि एक पाय वर उचलून धरा." पाय कशाला, ते कळेना, पण तो सांभाळण्याच्या नादात ओकारी विसरले.

त्या चित्रात पाहायचं काय, हे डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. किरण जिथं अडतात तिथं पांढरं, आरपार जातात तिथं काळं. दाताचं वरचं आवरण पांढरं, आतला भाग करडा, नसेची पोकळी काळसर. माझी धातूची कॅप आणि मुळांत भरलेलं रूट कॅनलचं साहित्य पांढरंफटक. निरोगी मुळाभोवती एक बारीक काळी रेघ आणि तिला लागून बारीक पांढरी रेघ दिसते. ही पांढरी रेघ तुटून मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला, तर तिथलं हाड विरघळलंय असं समजायचं. एवढं कळल्यावर मी उत्साहानं माझ्या मुळांची टोकं शोधू लागले, तर नेमकी त्यांच्यावर गालाच्या हाडाची सावली पसरलेली. वरच्या दाढांचं हे नेहमीचं रडगाणं आहे म्हणे.

"म्हणजे ठीक आहे का?"

"ठीक आहे असं नाही. दिसत नाही, एवढंच."

हे उत्तर मला फार आवडलं. आधी एका ठिकाणी असंच चित्र पाहून "सगळं नॉर्मल आहे" असं सांगितलं गेलं होतं.

त्यांनी मशीनची नळी थोडी आडवी सरकवून दुसरा एक्स-रे घेतला. यातली गंमत अशी, की एक्स-रे म्हणजे सपाट सावली. एसटीच्या रांगेत पुढच्या माणसामागे दुसरा झाकला जावा, तशी मुळातल्या नसेची गालाकडची आणि टाळूकडची नळी एकामागे एक येऊन एकच भासते. कोन बदलला की दोन्ही वेगळ्या होतात, आणि मशीनची नळी ज्या बाजूला सरकवली त्याच बाजूला टाळूकडची वस्तू सरकलेली दिसते. माझ्या पुढच्या मुळात भरलेली पांढरी रेघ मुळाच्या मधोमध नव्हती, एका कडेला होती. मुळात एकच नळी असेल तर ती सहसा मधोमध असते. ती एका कडेला दिसली, म्हणजे दुसऱ्या कडेला आणखी एक नळी असणार. वरच्या पहिल्या दाढेत अशी चौथी नळी निम्म्याहून जास्त लोकांत सापडते. दातांचे डॉक्टर तिला एमबी-टू म्हणतात. ती इतकी अरुंद असते, की नजरेतून सुटली तर नवल नाही.

माझ्याकडे दुसऱ्या एका दवाखान्यानं काढायला लावलेला ओपीजीही होता. हनुवटी टेकवून, काडी चावून उभं राहायचं आणि मशीन डोक्याभोवती फिरतं, तो जबड्यांचा एक्स-रे. त्यासाठी कुड्या, मंगळसूत्र, चष्मा सगळं उतरवायला लागलं. कुडी राहिली तर तिची धूसर सावली चित्रात उलट्या बाजूला, थोडी वर उमटते. ओपीजीत दोन्ही जबडे, अक्कलदाढा, सांधे असं सगळं एका नजरेत दिसतं, पण बारकावे पुसट होतात. एका मुळाच्या एका नळीसाठी त्याचा काही उपयोग झाला नाही. माझं मत विचाराल तर, काय शोधतोय हे न सांगता "आधी ओपीजी काढून या" म्हणणाऱ्याला कारण विचारावं.

शेवटी सीबीसीटी, म्हणजे दातांसाठीचा एक प्रकारचा सीटी स्कॅन, करायचं ठरलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त त्या दाढेच्या आसपासचा छोटा भाग लिहून दिला, पूर्ण जबडा नाही. भाग लहान असला की किरण कमी आणि चित्र जास्त बारीक. यात त्रिमितीय चित्र मिळतं आणि हवा तिथं आडवा काप घेऊन पाहता येतो. कॅपच्या धातूमुळे वरच्या भागात पांढरे फराटे आले होते, पण मुळं स्वच्छ होती. पुढच्या मुळाचा काप लांबट अंडाकृती. त्यात गालाच्या बाजूला पांढरा ठिपका, ती भरलेली नळी. टाळूच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका, ती रिकामी. टोकाशी हाडात वाटाण्याहून लहान काळी पोकळी होती. वर सायनसचा पडदा तिथल्यातिथं सुजलेला. म्हणजे सायनसचा संशय खरा होता, फक्त मूळ दाढेत होतं.

किरणांची धास्ती घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त. निसर्गातून जगात सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण त्यातल्या एखाद्या दिवसाएवढा किंवा कमी, ओपीजीचा काही दिवसांचा. सीबीसीटीचा मात्र मशीन आणि भागानुसार बराच वाढू शकतो, म्हणून तो उगाच काढायचा नाही. १८९६ मध्ये जर्मनीत ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे काढला, तेव्हा २५ मिनिटं किरण घेतले होते. आता सेकंदाचा अंश पुरतो. अमेरिकन डेंटल असोसिएशननं तर २०२४ मध्ये शिशाच्या एप्रनची आणि गळपट्ट्याची गरज नसल्याचं सांगितलं. आपल्याकडे दातांच्या एक्स-रे मशीनलाही अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. तसा कागद भिंतीवर दिसला की मला बरं वाटतं.

पुढचं काम डॉक्टरांचं. कॅप काढली, जुनं साहित्य उपसलं, भिंगाखाली चौथी नळी शोधली. नळी घासायची सुईसारखी बारीक फाइल आत असतानाच एक एक्स-रे काढून लांबी पडताळली. नळी धुऊन औषध ठेवलं, नंतर भरली, नवी कॅप बसवली. चावताना येणारी कळ गेली, पण हाड भरून यायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच छोटा एक्स-रे काढला, कोन मुद्दाम आधीच्या दुसऱ्या चित्रासारखाच ठेवून. नव्या नळीतली पांढरी रेघ आता जुनीच्या शेजारी वेगळी दिसत होती. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मी पेनड्राइव्हवर मागून घेतली. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत करड्या छटा मरतात आणि तुलना करता येत नाही. मी विचारलं, "सीबीसीटी परत काढायचा का?" त्या म्हणाल्या, "कशाला? तुम्हाला दुखत नाहीये, आणि मला जे पाहायचं ते यात दिसतंय. वर्षानं या, असाच एक काढू."