शॉर्टकट म्हणे!

वजन 118 किलो, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 47. जोडीला मधुमेह, रक्तदाब आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकणं. डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक सर्जरीचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करायच्या ऑपरेशनचं, नाव काढलं आणि माझ्या तोंडून होकार निघेपर्यंत वर्ष उलटून गेलं.

ऑपरेशनची भीती म्हटलं की लोकांना भूल आणि टाके आठवतात. तेही होतंच, पण माझ्या बाबतीत सगळ्यात वर होती ती लाज. "थोडा तोंडावर ताबा ठेव गं" हे मावश्यांनी ऐकवलं होतं, स्टाफरूममध्ये ऐकलं होतं, एकदा तर रिक्षावाल्यानंही सुनावलं होतं. दोन वेळा जेवायचा प्रयोग झाला, भात बंद करून झाला, जिमचे पैसे भरून झाले. दर वेळी दहा-बारा किलो उतरायचे आणि व्याजासकट परत यायचे. अशा माणसानं ऑपरेशन करायचं म्हणजे हरल्याची कबुली, शॉर्टकट, असं माझंही मत झालं होतं.

ते मत बदललं एका सरळ माहितीनं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक तयार होतं. डाएट करून वजन उतरवलं की शरीर हे घ्रेलिन वाढवतं, शिवाय ऊर्जा जपून वापरायला लागतं. म्हणजे मी जितकी उपाशी राहत होते, तितकीच आतून भूक चढवली जात होती. स्लीव्ह नावाच्या बॅरिॲट्रिक सर्जरीत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, त्यात हा फुगीर भागही जातो. हे ऐकून मी डॉक्टरांसमोर रडले. इतकी वर्षं सगळ्यांनी स्वभावदोष म्हणून सांगितलेल्या गोष्टीला शरीरातलं कारण होतं.

पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलमध्ये गेले, तिथं मला कुणी तपासायच्या आधीच पॅकेज सांगितलं. "काही काळजी करू नका मॅडम, या महिन्यात बुक केलंत तर सवलत आहे." साड्यांचा सेल आहे का हा? तिथून उठले ती परत गेले नाही.

दुसरीकडचे सर्जन कमी बोलणारे. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. मी मेले तर? ते म्हणाले, अनुभवी ठिकाणी हा धोका साधारण हजारात एक, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. टाक्यातून गळती झाली तर? शंभरात एखाद्याला होते, ताप आणि नाडी वाढली की लगेच कळवायचं. तुम्ही स्वतः किती केलीत, त्यात गळती किती? तेही न चिडता सांगितलं. नंतर पश्चात्ताप झाला तर जठर पुन्हा पूर्ववत करता येतं का? "नाही." बस, एवढंच उत्तर. त्या 'नाही'मुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. बायपासचा, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायचा, पर्यायही त्यांनी समजावला. मधुमेहासाठी तो सरस ठरू शकतो, पण जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते. स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकतं, म्हणून आधी एंडोस्कोपी. माझी स्वच्छ निघाली आणि आम्ही स्लीव्ह ठरवली.

भुलेची भीती मात्र आकड्यांनी जाईना. झोपेत श्वास अडकणारी बाई भुलेत काय करेल? घरी एक रात्र बोटाला क्लिप, छातीला पट्टा आणि नाकाशी नळी लावून झोपेची तपासणी झाली. स्लीप ॲप्निया तीव्र निघाला. मग ऑपरेशनच्या आधी काही आठवडे सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. भूलतज्ज्ञ बाईंनी "आ करा, जीभ बाहेर, मान मागे टाका" करून घेतलं, गळ्याचा घेर टेपनं मोजला आणि म्हणाल्या, "तुमच्या घशात श्वासाची नळी घालायला जड जाणार हे मला आत्ताच कळलंय, म्हणून त्या दिवशी मी वेगळी तयारी ठेवणार." तुम्ही घाबरू नका, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

समुपदेशक बाईंकडे जाताना मला वाटलं होतं, आता वेडी ठरवतात की काय! त्यांनी विचारलं, रात्री चिडलात की काय खाता? शंकरपाळ्यांच्या डब्यापर्यंत त्या बरोबर पोचल्या. पोट छोटं झालं तरी तो डबा तिथंच असणार, त्याचं काय करायचं, यावर आमचं बोलणं बरंच चाललं. ही भेट कुणी टाळू नये.

विम्याचं थोडक्यात सांगते. बीएमआय 40च्या वर असेल, किंवा 35च्या वर असून तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं गंभीर दुखणं असेल, तर क्लेम बसू शकतो. पण प्रतीक्षाकाळ आणि पॉलिसीतली अट आधी वाचा. मंजुरी येईपर्यंत माझं ब्लडप्रेशर वेगळंच होतं.

आईला पटवणं सर्वांत अवघड. "देवानं दिलेलं पोट कापून टाकायचं? आणि पुरणपोळी?" तिला सर्जनकडेच नेलं. त्यांनी सांगितलं, काही महिन्यांनी पाव पोळी खाईल. आई म्हणाली, पाव पोळी म्हणजे काय जेवण झालं?

आधीचे दोन आठवडे प्रोटीन शेक, ताक, भाज्यांचं सूप. यकृतातली चरबी उतरून ते आकसलं की सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं, म्हणून हा आहार. मुलगी समोर वडापाव खात होती, तेव्हा मला वहीतला एकही प्रश्न आठवला नाही, फक्त वडापाव दिसला. आदल्या रात्री संमतीपत्रावर सही करताना हात कापत होता. भीती गेली नव्हतीच. पण कशाची आहे आणि तिच्यावर कोण नजर ठेवून आहे, हे माहीत होतं.

पुढचं बरंचसं सांगितल्याप्रमाणे झालं. त्याच संध्याकाळी चालवलं, खांद्यात गॅसच्या कळा आल्या, चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गेले आणि नंतर परत आले. दीड वर्षात 118चे 84 झाले. मधुमेहाची एक गोळी अजून चालू आहे, जीवनसत्त्वं जन्मभराची. जेवताना पाणी प्यायचं नाही, हे मात्र अजून अंगवळणी पडत नाही.

आई नातेवाइकांना अजूनही "हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं" असंच सांगते. मी तिथंच असले तर दुरुस्त करते. मग ती मला चहा टाकायला आत पाठवते.