चिंचोक्याची खळ

"चिंच सारात गेली, चिंचोके हय इले, मगे तुझ्यो वह्यो दोन कित्याक?" सावंतवाडीत गंजिफा (खेळायचे पारंपरिक पत्ते) रंगवणाऱ्या एका घरच्या आजींनी आज विचारलेला हा प्रश्न परतीच्या एसटीत माझ्या मनातून हलला नाही.

नव्या चित्रमालिकेसाठी मी एका वहीत हस्तकलेच्या आणि दुसरीत खाद्यपदार्थांच्या नोंदी ठेवते. (एवढी शिस्त मला एरवी कशातच नाही.)

या पत्त्यांसाठी कापडाचे थर चिकटवण्याची जुनी रीत समजावून सांगताना आजींनी चुलीवरचे पातेले पुढे ओढले. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, पाट्यावर वाटून शिजवलेली ती खळ पिठल्यासारखी रटरटत होती, आणि ती झाली की नाही हे त्यांनी थेंबभर खळ चिमटीत धरून, तार बघून ठरवले, अगदी पाकाची पारख करावी तसे.

दशावतारी गंजिफांचा पूर्ण संच १२० पानांचा असतो, १० अवतारांची प्रत्येकी १२ पाने. हा सगळा हिशेब मी कलेच्या वहीत आधीच लिहून ठेवला होता. पातेल्याची नोंद मात्र अजून कुठेच झालेली नाही. तुम्ही ती कोणत्या वहीत केली असती?